रिलुझोल ५० मिलिग्रॅम: मोटर न्यूरॉन आजारावरील एका जुन्या गोळीचे परीक्षण

रिलुझोल ही गोळी औषधाच्या दुकानात रोज मागितली जाणारी वस्तू नाही. ती मागायला जो माणूस येतो, त्याच्या घरात मोटर न्यूरॉन आजाराचे, म्हणजे स्नायूंना हालचालीचा आदेश देणाऱ्या चेतापेशी हळूहळू मरत जाण्याच्या आजाराचे, निदान नुकतेच झालेले असते आणि ‘याने बरे वाटेल ना?’ हा प्रश्न त्याच्या तोंडी असतो. मी औषधनिर्माणशास्त्राची पदवी घेतली असून ठाण्यात अनेक वर्षे औषधांच्या काउंटरवर काम केले आहे. थोरले दीर, म्हणजे आमचे भाऊजी, यांना हा आजार झाल्यावर गोळ्या आणणे, त्यांच्या वेळा सांभाळणे आणि रक्ततपासणीचे कागद लावून ठेवणे ही कामे आपसूकच माझ्याकडे आली. त्या अनुभवावरून आणि या विषयावर जे वाचले, त्यावरून हे परीक्षण लिहीत आहे. माझे मत आधीच सांगते. ही गोळी घ्यावी, वेळेच्या बाबतीत कडक राहून घ्यावी, आणि गेलेली ताकद ती परत आणील ही अपेक्षा मात्र पहिल्या दिवसापासून ठेवू नये. असे का, हे समजण्यासाठी गोळी शरीरात नेमकी कोठे काम करते ते पाहणे भाग आहे.

हालचालीचा आदेश मेंदूच्या बाह्यस्तरातून निघतो, मेरुरज्जूतील मोटर न्यूरॉनपर्यंत पोहोचतो आणि तेथून स्नायूकडे जातो. एका पेशीकडून दुसरीकडे संदेश जातो त्या जागेला सिनॅप्स म्हणतात. तेथे दोन पेशींमध्ये सुमारे २० नॅनोमीटरची फट असते आणि ही फट संदेश रसायनाच्या रूपाने ओलांडतो. मोटर न्यूरॉनला ‘चल’ असे सांगणारे मुख्य रसायन ग्लुटामेट होय. आपले काम झाल्यावर ते फटीतून लगेच उचलले गेले पाहिजे. ते तेथेच रेंगाळले तर मोटर न्यूरॉन पुन्हा पुन्हा उद्दीपित होतो, त्याच्या आत कॅल्शियम शिरत राहते आणि जास्तीचे कॅल्शियम पेशीच्या अंतर्गत यंत्रणेला घातक ठरते. या आजारात बळी पडणाऱ्या मोटर न्यूरॉनमध्ये कॅल्शियम बांधून ठेवणारी प्रथिने मुळातच कमी असतात. डोळ्यांची हालचाल चालवणाऱ्या न्यूरॉनमध्ये ती अधिक असतात, आणि हातपाय, बोलणे, गिळणे सारे हळूहळू जात असताना रुग्णाची नजर बहुधा शाबूत राहते, त्यामागचे एक कारण हेच मानले जाते. भाऊजी आज पारदर्शक फलकावरील अक्षरांकडे पाहत आम्हाला शब्द सांगतात. जाऊबाई फलकाच्या पलीकडे उभ्या राहून त्यांची नजर कोणत्या अक्षरावर थांबली ते मोठ्याने म्हणतात आणि ते बरोबर असेल तर भाऊजी डोळे मिटतात. हे पाहताना कॅल्शियम बांधणाऱ्या त्या प्रथिनांची आठवण मला नेहमी होते.

रिलुझोल या सिनॅप्सवर काम करते. संदेश देणाऱ्या टोकातून बाहेर पडणारे ग्लुटामेट ती कमी करते, आणि चेतापेशीच्या आवरणातील सोडियम वाहिन्यांवर परिणाम करून पेशीचे वाजवीपेक्षा जास्त उद्दीपित होणेही आवरते. याखेरीज आणखी काही परिणाम प्रयोगशाळेत दिसले आहेत, परंतु गोळीचा मुख्य रोख हाच आहे.

तिची मर्यादाही येथेच दिसते, कारण सिनॅप्सचा कारभार दोन चेतापेशींपुरता नसतो. फटीतील ग्लुटामेट उचलण्याचे काम प्रामुख्याने शेजारच्या ॲस्ट्रोसाइट या आधारपेशी करतात आणि त्यासाठी त्यांच्या पृष्ठभागावर ईएएटी-२ नावाचे वाहक प्रथिन असते. अमेरिकेतील जेफ्री रॉथस्टाइन आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दाखवून दिले की, अनेक रुग्णांच्या मेंदूच्या हालचाल-केंद्रात आणि मेरुरज्जूत हे वाहक प्रथिन मोठ्या प्रमाणावर नाहीसे झालेले असते. मोरीची जाळी तुंबलेली असताना नळाची धार थोडी बारीक करावी, तसे या गोळीचे काम आहे: पाणी चढण्याचा वेग कमी होतो, जाळी मात्र मोकळी होत नाही.

मग जाळी मोकळी करणारे औषध का नाही, हा प्रश्न भाऊजींच्या धाकट्या मुलाने मला विचारला होता, आणि तसा प्रयत्न झालेला आहे, हे त्याचे उत्तर आहे. सेफ्ट्रिअॅक्सोन हे आपल्याकडे कोणत्याही दुकानात मिळणारे प्रतिजैविकाचे इंजेक्शन. ते ॲस्ट्रोसाइटमधील या वाहक प्रथिनाचे प्रमाण वाढवते, असे २००५ मध्ये प्रयोगशाळेत आणि उंदरांत आढळले. माणसांवर त्याची मोठी चाचणी झाली आणि २०१४ मध्ये तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला तेव्हा रुग्णांना लाभ झालेला नव्हता. जुने संशोधन वाचून कोणी आजही आपल्या रुग्णाला हे इंजेक्शन लावण्याचा आग्रह धरत असेल, तर त्याने ही दुसरी बाजू अवश्य वाचावी.

आधारपेशींचा सहभाग केवळ सफाईपुरता नाही. सॅन डिएगो येथील डॉन क्लीव्हलँड यांच्या प्रयोगशाळेने २००३ मध्ये असे उंदीर तयार केले, ज्यांच्या शरीरात निरोगी पेशी आणि एसओडी-१ या जनुकात दोष असलेल्या पेशी एकमेकींत मिसळलेल्या होत्या. दोष असलेल्या मोटर न्यूरॉनभोवती निरोगी आधारपेशी असल्या, तर ते अधिक काळ तगले. उलट, निरोगी मोटर न्यूरॉनभोवती सदोष पेशी असल्या, तर त्या न्यूरॉनमध्येही बिघाडाच्या खुणा दिसू लागल्या. त्याच गटाने २००६ मध्ये असेही दाखवले की, सदोष जनुक मोटर न्यूरॉनमधून कमी केले की आजार उशिरा सुरू होतो, आणि मायक्रोग्लिया या रोगप्रतिकारक आधारपेशींमधून कमी केले की सुरू झालेला आजार सावकाश पुढे सरकतो. २०१२ मध्ये ऑलिगोडेंड्रोसाइट या तिसऱ्या प्रकारच्या पेशींकडे लक्ष गेले: चेतातंतूंना लॅक्टेटच्या रूपाने ऊर्जा पुरवणारी त्यांची व्यवस्था या आजारात दुबळी झालेली आढळली. हे प्रयोग मुख्यत्वे एका विशिष्ट जनुकदोषाच्या उंदरांवरील आहेत आणि बहुसंख्य रुग्णांत तो दोष नसतो, ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. मात्र २०११ मध्ये, कुटुंबात आजाराचा इतिहास नसलेल्या रुग्णांच्या मृत्यूनंतर मिळवलेल्या ऊतींपासून वाढवलेले ॲस्ट्रोसाइटही मोटर न्यूरॉनना मारक ठरतात असे दिसून आले, त्यामुळे शेजाराचा वाटा केवळ आनुवंशिक रुग्णांपुरता मानता येत नाही.

मोटर न्यूरॉनचे दुसरे टोक, म्हणजे जेथे तो स्नायूला भिडतो ती जागा, हाही एक सिनॅप्सच आहे. तेथील रसायन मात्र अॅसिटिलकोलीन आहे. उंदरांवरील २००४ च्या अभ्यासात असे आढळले की, मेरुरज्जूतील पेशी मरण्याच्या बऱ्याच आधी स्नायूवरचे हे सांधे सुटू लागतात. सुटलेल्या स्नायुतंतूंना शेजारचे निरोगी मोटर न्यूरॉन नव्या फांद्या फोडून काही काळ सांभाळून घेतात, म्हणून बराच तोटा होईपर्यंत बाहेरून काही कळत नाही. भाऊजींच्या डाव्या पायातली चप्पल चालता चालता निसटू लागली, तेव्हा आम्ही चप्पल बदलली. ती निसटत होती याचा अर्थ सांभाळून घेण्याची ती शक्ती आधीच संपत आली होती. मेरुरज्जूतील ग्लुटामेट आवरणारी गोळी स्नायूवरचा सुटलेला सांधा पुन्हा जोडू शकत नाही, आणि ‘महिना झाला, पण पाय काही उचलत नाही’ अशी तक्रार करणाऱ्या घरांना हे कोणीतरी बसून समजावून सांगायला हवे.

आता परिणामाचे आकडे. पहिली चाचणी फ्रान्स आणि बेल्जियममध्ये १५५ रुग्णांवर झाली आणि १९९४ मध्ये प्रसिद्ध झाली. बारा महिन्यांनंतर गोळी घेणाऱ्यांपैकी ७४ टक्के, तर न घेणाऱ्यांपैकी ५८ टक्के रुग्ण हयात होते. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेली दुसरी चाचणी ९५९ रुग्णांवर होती आणि तिच्यात फरक याहून लहान दिसला: अठरा महिन्यांनंतर दिवसाला १०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांत ५६.८ टक्के, न घेणाऱ्यांत ५०.४ टक्के. चाचण्यांचा एकत्रित हिशेब साधारण दोन ते तीन महिन्यांच्या वाढीव आयुष्याचा निघतो. रुग्णालयांच्या नोंदींवर आधारलेल्या पुढील काही अभ्यासांत तो याहून अधिक दिसला आहे, पण तशा नोंदींत गोळी घेणारे आणि न घेणारे रुग्ण मुळातच सारखे नसतात, म्हणून त्या आकड्यांवर मी भिस्त ठेवणार नाही. अमेरिकेत या औषधाला डिसेंबर १९९५ मध्ये मान्यता मिळाली आणि त्यानंतर दोन दशकांहून अधिक काळ उलटूनही आजाराचा वेग मंदावणारी औषधे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आली. त्यांपैकी तोफर्सेन हे २०२३ मध्ये मान्यता मिळालेले औषध फक्त एसओडी-१ दोष असलेल्यांसाठी आहे आणि ते पाठीच्या कण्यातून द्यावे लागते. म्हणून आपल्याकडच्या बहुसंख्य रुग्णांचा आरंभ आजही याच गोळीपासून होतो.

येथे एक गोष्ट समाधानाने नोंदवावीशी वाटते. बहुतेक रुग्णांच्या मोटर न्यूरॉनमध्ये टीडीपी-४३ हे प्रथिन केंद्रक सोडून बाहेर साचते, हे २००६ मध्ये कळले होते. त्याच्या अभावी यूएनसी-१३ए या प्रथिनाची निर्मिती बिघडते, हे २०२२ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी दाखवले. यूएनसी-१३ए हे सिनॅप्समधून रसायन सोडण्यासाठीच लागणारे प्रथिन आहे. म्हणजे या जुन्या गोळीने ज्या जागेवर बोट ठेवले, तेथे अगदी नवे संशोधनही वेगळ्या वाटेने पोहोचले.

वापराविषयी मात्र सविस्तर लिहिले पाहिजे, कारण मिळणारा लाभ लहान आहे आणि तोही बेफिकिरीने घालवता येतो. नेहमीची मात्रा बारा तासांच्या अंतराने एकेक गोळी अशी आहे, आणि ती जेवणाच्या किमान एक तास आधी किंवा दोन तासांनंतर घ्यायची असते. तेलातुपाच्या जेवणाबरोबर घेतली तर ती रक्तात कमी उतरते. आपल्या घरांत ‘गोळी जेवणानंतर’ हा नियम इतका मुरलेला आहे की, दुकानातील माणूसही विचार न करता पाकिटावर तसे लिहून देतो. आमच्याकडे सकाळची गोळी साडेसहाला, पोह्यांची फोडणी पडण्याच्या कितीतरी आधी, आणि संध्याकाळची साडेसहाला असा क्रम बसला. संध्याकाळी चहाबरोबर काही तोंडात टाकायचे असेल, तर ते साडेचारच्या आत. धूम्रपानाने औषध शरीरातून लवकर निघून जाते. सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक याच्या उलट त्याची रक्तातील पातळी वाढवते, म्हणून जुलाबावर किंवा लघवीच्या संसर्गावर औषध घेताना रिलुझोल चालू असल्याचे डॉक्टरांना आपणहून सांगावे.

यकृताची तपासणी टाळू नये. गोळी सुरू करण्यापूर्वी एकदा, पहिले तीन महिने दरमहा आणि त्यानंतर पहिले वर्ष संपेपर्यंत दर तीन महिन्यांनी एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारा घटक) पाहण्याचा प्रघात आहे. ते फार वाढले तर गोळी थांबवावी लागते. ताप आला तर रक्तातील पांढऱ्या पेशींची तपासणी, आणि कोरडा खोकला किंवा नवी धाप लागली तर छातीचा एक्स-रे, याबाबत डॉक्टरांना लगेच विचारावे. हे दुष्परिणाम दुर्मीळ असले, तरी या आजारात दम लागणे ‘आजाराचेच आहे’ असे समजून सोडून दिले जाण्याचा धोका मोठा आहे. भाऊजींना सुरुवातीचे काही आठवडे मळमळ आणि थकवा जाणवला, पुढे तो ओसरला.

या वस्तूचा सर्वांत मोठा दोष तिच्या रूपात आहे. ज्या आजारात गिळणे जाते, त्या आजाराची गोळी गिळायची आहे. भाऊजींना ठसका लागू लागल्यावर आम्ही डॉक्टरांना विचारून ती कुटून, घट्ट केलेल्या पाण्यातून देऊ लागलो, तेव्हा ते तोंड वाकडे करीत आणि नंतर बराच वेळ लाळ सांभाळू शकत नसत. जाऊबाईंनी एकदा खलबत्त्यातला चिमूटभर चुरा स्वतःच्या जिभेवर ठेवला आणि मला हाक मारली, ‘अगं, जीभ बधिर होतेय माझी. यांना आधीच गिळता येत नाही, त्यात हे!’ कुटलेल्या रिलुझोलने तोंड बधिर होते हे ज्ञात आहे, परंतु आम्हाला ते कोणी सांगितलेले नव्हते. अमेरिकेत २०१८ पासून याचे पातळ औषध आणि २०१९ पासून जिभेवर विरघळणारी पट्टी मान्य आहे. ठाण्यात आम्हाला दोन्ही मिळाले नाही. पुढे पोटातून नळी घातल्यावर हा प्रश्न सुटला. ज्यांच्या रुग्णाला बोलण्या-गिळण्यापासून आजार सुरू झाला आहे, त्यांनी नळीचा निर्णय वजन फार उतरण्याच्या आधी घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन.

उपलब्धतेविषयी थोडक्यात. नौपाडा, गोखले मार्ग आणि स्टेशन परिसरातील दुकानांत ही गोळी सहसा हाताशी ठेवलेली नसते. ‘उद्या संध्याकाळी मागवून देतो’ हे उत्तर मिळते आणि ते बहुतेकदा पाळलेही जाते. मूळ ब्रँड रिलुटेक आहे, पण पेटंट संपून बराच काळ झाल्याने भारतीय कंपन्यांच्या गोळ्या मिळतात आणि त्या पुष्कळ स्वस्त पडतात. एका कंपनीची गोळी लागू पडली की उगाच बदलत राहू नये. पावसाळ्यात रेल्वे किंवा रस्ते बंद पडले की माल येत नाही, म्हणून जून ते सप्टेंबर पंधरा दिवसांचा साठा घरात जास्तीचा ठेवणे शहाणपणाचे.

या गोळीचा लाभ डोळ्यांना दिसत नाही, आणि तिच्यावरचा विश्वास उडालेल्या माणसाला गाठणारे लोक तयारच असतात. नवी मुंबईतील एका केंद्रात आम्हाला नेण्यात आले, तेथे समुपदेशक बाईंनी रंगीत चित्रे दाखवून सांगितले की, भाऊजींच्या आधारपेशी मरत आहेत आणि मूलपेशींचे इंजेक्शन दिले की त्या नव्याने तयार होतील. पॅकेजची रक्कम ऐकून जाऊबाई गप्प झाल्या आणि परतीच्या वाटेवर त्यांनी दागिन्यांचा विषय काढला. आधारपेशींचा या आजारात हात आहे हे खरे आहे, परंतु त्या बदलता येतात हे सिद्ध झालेले नाही. पहिल्या वाक्याच्या आधाराने दुसरे विकणे हे मला अत्यंत निर्दय वाटते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही आजारांसारखे मान्य उपचार वगळता मूलपेशींचा वापर केवळ नोंदणीकृत चाचणीतच करता येतो, आणि तशा चाचणीत रुग्णाकडून उपचाराचे पैसे घेतले जात नाहीत. पैसे मागितले, एवढ्यावरूनच ओळखावे.

हाती पैसे असतील, तर ते श्वासाकडे वळवावेत. रात्री मास्कद्वारे श्वासाला आधार देणाऱ्या यंत्राची एक चाचणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्यांचे बोलणे-गिळणे फारसे बिघडलेले नव्हते, त्या रुग्णांचे आयुष्य तिच्यात मध्यम मानाने २०५ दिवसांनी वाढल्याचे दिसले, आणि झोप व मनःस्थितीही सुधारली. गोळीच्या दोन-तीन महिन्यांच्या तुलनेत हा लाभ मोठा आहे, आणि तरीही ठाण्यातील किती घरे गोळी चुकवत नाहीत, पण मास्क मात्र ‘गुदमरल्यासारखे होते’ म्हणून पहिल्याच आठवड्यात कपाटात ठेवतात. बायपॅप नावाचे हे यंत्र भाड्यानेही मिळते. तीन-चार प्रकारचे मास्क लावून पाहू देणारा पुरवठादार निवडावा, कारण नाकाच्या हाडावर घासणारा मास्क कोणीच सहन करीत नाही. भाऊजींनीही पहिला मास्क नाकारला आणि दुसरा स्वीकारला.

शहरातील माझ्या औषधविक्रेत्या बंधुभगिनींना एक विनंती आहे. रिलुझोलच्या पाकिटावर ‘जेवणापूर्वी एक तास’ एवढे शब्द मोठ्या मराठी अक्षरांत लिहून द्या, ती कुटली तर तोंड बधिर होते हे सांगा, आणि गिऱ्हाइकाला शेवटची एसजीपीटी कधी केली ते विचारा.